प्रथमदर्शनी मत : तीन मोटारींचा वृत्तान्त

न्यायालयात 'प्रथमदर्शनी' हा शब्द फार जपून वापरला जातो. प्रथमदर्शनी पुरावा आहे, याचा अर्थ खटला चालविण्यास जागा आहे, एवढाच. निकाल अद्याप लागावयाचा असतो. प्रतिपक्षाने आपली बाजू मांडावी, साक्षीदारांची उलटतपासणी व्हावी आणि मग न्यायाधीशाने पहिले मत कायम करावे किंवा फिरवावे, असा तेथील क्रम आहे. लोकांच्या दरबारात हा क्रम चालत नाही. तेथे प्रथमदर्शनी बनलेले मत हाच बहुधा अखेरचा निकाल ठरतो, आणि त्यावर अपील करावयाचे तर ते कोठे, हे कोणासच ठाऊक नसते. एकदा कानफाट्या नाव पडले की पडले, ही आपल्याकडील म्हण या लोकन्यायाची सारी संहिता एका ओळीत सांगून टाकते.

माणसांच्या बाबतीत हा अनुभव सर्वांचाच आहे. यंत्रांच्या बाबतीत तरी तसे होऊ नये, अशी अपेक्षा करण्यास जागा आहे. यंत्राचे मोजमाप करता येते. मोटार किती वेगाने धावते, किती इंधन पिते, किती वर्षे टिकते, हे आकड्यांत सांगता येते. मग तिच्याविषयीचे मतही आकड्यांवरूनच बनावयास हवे. परंतु मोटारींचा इतिहास चाळला असता निराळेच चित्र दिसते. शितावरून भाताची परीक्षा करणारी गृहिणी निदान शीत तरी त्याच भांड्यातले घेते. मोटारीची परीक्षा पुष्कळदा भांडे चुलीवर चढण्यापूर्वीच उरकलेली असते.

या विधानाच्या पुष्ट्यर्थ आम्ही येथे तीन मोटारींचा वृत्तान्त मांडणार आहोत. एक जर्मन, दुसरी अमेरिकन आणि तिसरी आपली भारतीय. तिन्ही आपापल्या देशाच्या मानाने लहान, तिन्ही सामान्य कुटुंबाच्या ऐपतीचा विचार करून बांधलेल्या, आणि विशेष म्हणजे तिन्हींचे इंजिन मागील बाजूस. यंत्ररचनेत इतके साम्य असूनही तिघींच्या नशिबी निरनिराळे निकाल आले. हा फरक कशामुळे पडला, हे पाहण्यासारखे आहे.

पहिली मोटार फोक्सवागेन, जिला पुढे जगाने 'बीटल' म्हटले. तिच्या रचनेचे काम १९३४ साली फर्डिनांड पोर्शे यांच्याकडे आले, आणि २६ मे १९३८ रोजी तिच्या कारखान्याची कोनशिला हिटलरच्या हस्ते बसली. नाझी पक्षाच्या कामगार संघटनेतील एका विभागाच्या नावावरून तिचे 'केडीएफ-वागेन' असे नामकरण झाले. किंमत ठरली ९९० मार्क. दर आठवड्यास पाच मार्कांची तिकिटे घेऊन ती पुस्तिकेत चिकटवावी आणि पुस्तिका भरल्यावर मोटार न्यावी, अशी योजना निघाली. सुमारे ३,३६,००० लोक तीत सामील झाले. १९३९ साली युद्ध पेटले. कारखाना लष्करी वाहने बांधू लागला. वेठीस धरलेल्या कैद्यांकडून तेथे काम करवून घेण्यात आले. आणि तिकिटे चिकटविणाऱ्यांपैकी एकाच्याही दारात मोटार आली नाही. युद्ध संपल्यावर या बचतदारांनी कंपनीवर दावा लावला. तो १९६१ सालापर्यंत चालला आणि अखेर तडजोडीत मिटला : नवी मोटार घेणाऱ्यास ६०० मार्कांपर्यंत सूट, अथवा रोख १०० मार्क.

याहून अशुभ पायगुणाची मोटार इतिहासात शोधूनही सापडणार नाही. हुकूमशहाचे नाव, मोडलेले वचन आणि कैद्यांचा घाम, या तिन्ही गोष्टी तिला जन्मतःच चिकटलेल्या होत्या. जाणकारांचे मतही अनुकूल नव्हते. १९४५ साली कारखाना ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात आला, तेव्हा ब्रिटनमधील मोटार-कारखानदारांच्या तज्ज्ञांनी ती तपासली आणि सामान्य गिऱ्हाइकास ती भुरळ घालू शकणार नाही, असा अभिप्राय दिला. भंगाराच्या भावानेही तो कारखाना घेण्यास कोणी उत्सुक नव्हते.

मग ही मोटार तगली कशी? आमच्या मते तिला जे लाभले ते फार थोड्या नव्या वस्तूंना लाभते. तिला बाजाराबाहेर मुदत मिळाली. कारखान्याची व्यवस्था पाहणारा ब्रिटिश लष्करी अधिकारी आयव्हन हर्स्ट याने एक मोटार रंगवून वरिष्ठांना दाखविली. सैन्याला वाहनांची निकड होती. २०,००० गाड्यांची मागणी नोंदविली गेली. सैन्याला मोटारीचे रूप पाहावयाचे नव्हते, तिचे नाव ऐकावयाचे नव्हते; त्याला तिच्यात बसून कामास जावयाचे होते. अशा रीतीने या मोटारीच्या बाजूने पहिली साक्ष पडली ती वापराची. १९४८ च्या आरंभी हाइन्झ नोर्डहॉफ यांनी कारखान्याची सूत्रे हाती घेतली. त्यांनी रूप तेच ठेवून आतील भाग वर्षानुवर्षे सुधारीत नेले, आणि दुरुस्तीची व सुट्या भागांची सोय नीट लावण्यावर भर दिला.

अमेरिकेत १९४९ साली या मोटारी मोजून दोन खपल्या. दहा वर्षांनी, १९५९ पासून, तिच्या ज्या जाहिराती निघाल्या त्यांत तिच्या लहानपणाची व कुरूपतेची कबुली स्वतःहून दिलेली होती. १९६० सालच्या एका जाहिरातीत तर मोटारीच्या चित्राखाली ती सदोष असल्याचे एकाच शब्दात छापले होते. कारण काय, तर तिच्या आतील कप्प्यावरच्या चकचकीत पट्टीस डाग पडला म्हणून तपासनिसाने ती नापास केली होती. ज्या गोष्टी प्रतिपक्ष शाबीत करणारच आहे त्या आपणच आधी कबूल कराव्या, म्हणजे उरलेल्या कथनावर विश्वास बसतो, हे तत्त्व मुरलेले वकील जाणतात. १७ फेब्रुवारी १९७२ रोजी १,५०,०७,०३४ वी मोटार बाहेर पडली आणि फोर्डच्या 'मॉडेल टी'चा विक्रम मोडला. ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील पुएब्ला येथे शेवटची मोटार तयार झाली, तेव्हा एकूण आकडा २,१५,२९,४६४ वर पोहोचला होता. पहिले मत पुरते उलटले. पण ते उलटण्यास पंधरा-वीस वर्षे आणि लक्षावधी मालकांची साक्ष लागली, हे विसरता कामा नये.

दुसऱ्या मोटारीची कथा याच्या उलट आहे. जनरल मोटर्सची 'शेव्हरोले कॉर्व्हेअर' ऑक्टोबर १९५९ मध्ये बाजारात आली ती वाजतगाजत. अॅल्युमिनियमचे, हवेने थंड होणारे सहा सिलिंडरांचे इंजिन मागे बसविलेली ही अमेरिकन मोटार म्हणजे त्या देशाच्या दृष्टीने एक नवलच होते. 'टाइम' साप्ताहिकाने तिचा पुरस्कर्ता एड कोल याचे चित्र मुखपृष्ठावर छापले, आणि 'मोटर ट्रेंड' मासिकाने तिला वर्षातील उत्कृष्ट मोटार ठरविले.

दोष होता तो चाकांच्या बांधणीत. मागील चाकांचे आस मधोमध सांधलेले असून चाकांबरोबर वर-खाली झोके घेत. वेगाने तीव्र वळण घेताना चाक आत दुमडून मोटार सटकण्याचा संभव असे. याला आळा म्हणून पुढील टायरांत हवा बरीच कमी आणि मागील टायरांत अधिक ठेवण्याची सूचना कंपनीने केली होती. पण पेट्रोलपंपावर चारही चाकांत सारखी हवा भरून घेणाऱ्या सामान्य मालकास तिचे महत्त्व कसे कळावे? पुढील बाजूस मोटार कलू न देणारा एक दांडा बसविला असता तर बरेच साधले असते; खर्च वाचावा म्हणून तो आरंभी वगळण्यात आला. अपघात झाले आणि कंपनीवर शंभरावर दावे दाखल झाले.

३० नोव्हेंबर १९६५ रोजी राल्फ नेडर या तरुण वकिलाचे 'अनसेफ अॅट एनी स्पीड' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे पहिले प्रकरण कॉर्व्हेअरवर होते. कंपनीने या ग्रंथकाराच्या मागे गुप्त हेर लावले. ते उघडकीस आले. मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे क्षमा मागावी लागली, आणि नेडर यांनी खाजगी जीवनात केलेल्या ढवळाढवळीबद्दल लावलेला दावा १९७० साली ४,२५,००० डॉलर देऊन मिटवावा लागला. त्याच १९६६ साली अमेरिकेत मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. लोकहिताच्या दृष्टीने पाहता नेडर यांचे ऋण फार मोठे आहे, आणि आम्ही त्यात तिळमात्र उणे करू इच्छीत नाही.

तथापि मोटारीच्या बाजूने एक गोष्ट नोंदली पाहिजे. पुस्तक निघाले तेव्हा दोष दुरुस्त झालेला होता. १९६४ च्या गाडीत सुधारणा झाली होती, आणि १९६५ च्या गाडीत मागील चाकांची बांधणी समूळ बदलली होती. दुकानात उभी होती ती निराळी मोटार; पण नाव तेच होते, आणि लोकांनी निकाल दिला तो नावावर. १९६५ च्या सुमारे २,३५,००० गाड्या तयार झाल्या होत्या. १९६६ च्या सुमारे १,०३,०००, १९६७ च्या सुमारे २७,०००. मे १९६९ मध्ये काम थांबले. सारा दोष पुस्तकाच्या माथी मारणेही न्याय्य नव्हे. १९६४ साली आलेल्या फोर्डच्या 'मस्टँग'ने तिचे तरुण गिऱ्हाईक पळविले होते, आणि कंपनीनेही तिच्यावर अधिक खर्च न करण्याचे ठरविले होते. पुढे १९७२ साली अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा खात्याने १९६० ते १९६३ च्या जुन्या कॉर्व्हेअरची चाचणी घेऊन अहवाल दिला की, ताबा सुटण्याचा धोका तिच्यात समकालीन मोटारींहून अधिक नाही. निर्दोष ठरविणारा हा निकाल आला तेव्हा आरोपी मरून तीन वर्षे झाली होती. त्या अहवालाचे नाव आज किती जणांच्या कानी आहे? पुस्तकाचे नाव मात्र सर्वतोमुखी आहे.

गंमत अशी की, झोके घेणारे आस आणि मागील इंजिन ही दोन्ही वैशिष्ट्ये त्या काळच्या बीटलमध्येही होती. नेडर यांच्या बाजूने तिच्यावरही पुढे टीका झाली. परंतु तोवर बीटल ही घराघरांतील ओळखीची, भाबडी, विश्वासू मोटार होऊन बसली होती. ओळखीच्या माणसावरचा आरोप आणि परक्यावरचा आरोप यांना लोक एकच माप लावीत नाहीत.

आता आपल्या घरच्या उदाहरणाकडे वळू. भर पावसात पुढे एक मूल उभे, मागे पत्नी, तिच्या मांडीवर दुसरे मूल, असे चार जणांचे कुटुंब एका स्कूटरवरून जाताना रतन टाटा यांनी पाहिले आणि त्यांच्या मनात स्वस्तातल्या मोटारीची कल्पना आली, ही हकीगत त्यांनीच अनेकदा सांगितली. असे दृश्य पाहण्यास मुंबईस जावयास नको. बेळगाव, मडगाव, इंदूर, वडोदरा, कोणत्याही गावच्या चौकात ते दिसते. २००३ पासून 'एक लाखाची मोटार' हा शब्दप्रयोग वृत्तपत्रांतून गाजू लागला. मोटारीस आकार नव्हता, नाव नव्हते; किंमत मात्र होती. इतर बाळांची नावे बारशाला ठेवतात. या बाळाची किंमत गर्भातच जाहीर झाली.

पुण्याच्या अभियांत्रिकी केंद्रात गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी हे आव्हान पेलले. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या मोटार-प्रदर्शनात 'नॅनो' प्रथम दिसली, तेव्हा तिने जगास थक्क केले. ६२४ घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडरांचे इंजिन, काचेवर एकच वायपर, प्रत्येक चाकास तीनच नट. प्रत्येक भागाशी खर्चाचा हिशेब घातलेला होता. काटकसरीची ही बुद्धी खरोखर कौतुकास पात्र होती. परंतु जे अभियंत्यास बुद्धीचे वाटते ते शेजाऱ्यास दारिद्र्याचे वाटू शकते. मागील दार उघडत नव्हते. सामान ठेवावयाचे तर आतूनच. असल्या बाबी यंत्राच्या दृष्टीने गौण होत. पाहणाऱ्याच्या नजरेत त्याच पहिल्या भरल्या.

त्यानंतर एकामागून एक विघ्ने आली. पश्चिम बंगालमधील सिंगूर येथे जमीन-संपादनाविरुद्ध शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले, आणि ३ ऑक्टोबर २००८ रोजी कंपनीने तेथून निघण्याचे जाहीर केले. गुजरातेत साणंद येथे नवा कारखाना २०१० साली सुरू झाला. मधल्या काळात पंतनगर येथून थोड्या गाड्या निघत होत्या. (सिंगूरचे ते संपादन सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१६ रोजी रद्द केले, आणि २०२३ साली लवादाने कंपनीस ७६५.७८ कोटी रुपयांची भरपाई देवविली. कायद्याचे चक्र असे सावकाश फिरते.) एप्रिल २००९ मध्ये नोंदणी झाली तेव्हा दोन लाखांवर अर्ज आले आणि पहिल्या एक लाख गाड्यांसाठी सोडत काढावी लागली. म्हणजे पहिल्या क्षणी लोकमत अनुकूल होते. पण गिऱ्हाईक हाती पैसे घेऊन उभे असता देण्यास मोटार नव्हती. एक लाखाच्या आकड्यात कर व वाहतूक धरलेली नसल्यामुळे प्रत्यक्ष किंमतही अधिक पडली. त्यातच २०१० साली काही गाड्यांना आगी लागल्या, आणि पेटत्या मोटारीची छायाचित्रे देशभर झळकली. रचनेत दोष नाही असे सांगून कंपनीने विकलेल्या गाड्यांत जादा संरक्षक भाग विनामूल्य बसवून देण्याचे जाहीर केले. तरी नोव्हेंबर २०१० मध्ये साऱ्या देशात अवघ्या ५०९ गाड्या गेल्या.

तरीही आमच्या मते नॅनोला खरा अडथळा झाला तो आगीपेक्षा एका विशेषणाचा. 'जगातील सर्वांत स्वस्त मोटार' हे शब्द बातमीदारांनी उचलले आणि जाहिरातीतही ते मिरविले गेले. आपल्या समाजात दारात मोटार उभी राहणे ही केवळ सोय नसते; घराने एक पायरी चढल्याची ती जाहीर खूण असते. पेढे वाटून, हार घालून, नारळ फोडून तिचे स्वागत होते. ज्या खुणेवर 'सर्वांत स्वस्त' असे कोरलेले आहे ती खूण मिरवावयाची कशी? १९८३ साली आलेली मारुती ८०० देखील लहानच होती. परंतु तिच्या नावाशी नवेपणा निगडित झाला, स्वस्ताई नव्हे. परिणामी स्कूटरवरचे कुटुंब पैसे साठवून जुनी मारुती घेई, आणि कोऱ्या नॅनोला वळसा घालून जाई. रतन टाटा यांनीही पुढे उघडपणे म्हटले की, तिला सर्वांत स्वस्त म्हणून पुढे आणले हे चुकले.

सुधारणा झाल्या. २०१४ साली वळविण्यास हलकी अशी गाडी आली. २०१५ साली मागील दार उघडू लागले आणि गिअर आपोआप पडू लागले. दुसरीकडे जानेवारी २०१४ मध्ये परदेशी संस्थेने पाच भारतीय गाड्यांची धडक-चाचणी घेतली. पाचही गाड्यांना प्रौढांच्या संरक्षणासाठी शून्य तारे मिळाले, आणि त्यांत नामांकित कंपन्यांच्या महाग गाड्याही होत्या. परंतु पुष्कळांच्या लक्षात राहिली ती नॅनोच, कारण 'स्वस्त म्हणजे धोक्याची' हे प्रमेय आधीच ठरून गेले होते. २०११-१२ साली ७४,५२७ गाड्या खपल्या होत्या, तो कळस ठरला. दोन वर्षांत खप सुमारे २१,००० वर आला. वर्षाला अडीच लाख गाड्या काढण्यासाठी बांधलेल्या कारखान्यातून जून २०१८ मध्ये एक गाडी निघाली. अक्षरशः एक. त्यानंतर लवकरच तिचा अवतार संपला. रतन टाटा ९ ऑक्टोबर २०२४ रोजी निवर्तले. त्यांच्यावरील मृत्युलेखांत नॅनोचा उल्लेख बहुतेक ठिकाणी होता, आणि आता त्यात कौतुकाचा सूर होता. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरे काय!

या तीन वृत्तान्तांवरून काय निष्पन्न होते? पहिले हे की, लोकांचे पहिले मत यंत्राविषयी नसते. ते यंत्रापूर्वी येऊन पोहोचलेल्या शब्दाविषयी असते. बीटलपूर्वी हुकूमशहाचे नाव पोहोचले होते, कॉर्व्हेअरच्या सुधारलेल्या गाडीपूर्वी पुस्तक पोहोचले, आणि नॅनोपूर्वी तिची किंमत. दुसरे असे की, यंत्रातील सुधारणेने हे मत बदलत नाही, कारण सुधारणा पाहण्यासाठी मनुष्य दुकानाची पायरी पुन्हा चढतच नाही. पहिले मत बदलते ते साक्षीदारांनी. शेजारचा वापरतो, भाऊ वापरतो, कचेरीतला सहकारी वापरतो, अशी साक्ष वर्षानुवर्षे साचली म्हणजे. बीटलला ती साक्ष गोळा करण्यास वेळ मिळाला. इतर दोघींना मिळाला नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या नवव्या आदेशात तेरावा नियम आहे. प्रतिवादीस समन्स नीट पोहोचले नसेल, किंवा पुरेशा कारणामुळे तो हजर राहू शकला नसेल, तर त्याच्याविरुद्ध झालेला एकतर्फी हुकूमनामा त्या नियमान्वये रद्द करून घेता येतो. कायदा करणाऱ्यांनी हे ओळखले होते की, एकच बाजू ऐकून दिलेला निर्णय चुकण्याचा संभव असतो आणि त्यास परतीचा दरवाजा असला पाहिजे. बाजाराच्या कायद्यात असा नियम नाही. तो प्रत्येकाने आपल्या मनाशी करून घ्यावयाचा असतो.

आणि हा केवळ कारखानदारांच्या नफ्यातोट्याचा प्रश्न नव्हे. २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मृत्यू पावली. त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. नॅनो रस्त्यावर राहिली असती तर त्यांतील किती वाचली असती, याचा हिशेब कोणीही मांडू शकणार नाही, आणि तिच्या उणिवाही आम्ही वर सांगितल्या आहेत. परंतु डोक्यावर छप्पर आणि चार चाके देऊ पाहणारी ती वस्तू ज्यांच्यासाठी निर्माण झाली होती, त्यांनीच तिला एका विशेषणापायी नाकारले, ही गोष्ट इतिहासात राहीलच. नॅनोचा कारखाना केव्हाच दुसऱ्या मोटारींच्या कामास लागला आहे. स्कूटरवरचे ते चौघे मात्र पावसात अजून भिजतच आहेत.